गुलाबी सीरम

सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली आणि मी आधी चिडलेच. वर तरंगणारं सीरम फिकट पिवळं, नितळ हवं. हे चक्क गुलाबी होतं.

"डॉक्टर, रक्त ओढताना फुटलंय. पुन्हा पाठवा," फोनवर मी सुनावलं. बंड्याला परत टोचायचं म्हणून ते कुरकुरले, पण अर्ध्या तासात दुसरी नळी आली, मोठ्या शिरेतून सावकाश घेतलेली. तीही गुलाबीच! म्हणजे पेशी सुईत नव्हे, बंड्याच्या अंगातच फुटत होत्या.

पाच वर्षांचा कुत्रा. ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहाच्या रंगाची. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, फक्त १८ टक्के, प्लेटलेट जेमतेम ३२ हजार. पांढऱ्या पेशींची संख्या मात्र अगदी नॉर्मल, जणू काही घडलंच नाही. सीआरपीने, म्हणजे दाह झाला की रक्तात झपाट्याने वाढणाऱ्या प्रथिनाने, वेगळीच कथा सांगितली: लिटरला १४६ मिलिग्रॅम. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण दहाच्या आत असतो. (त्यासाठी कुत्र्यांवर पडताळलेलं किट लागतं. माणसांचं किट वापरून काढलेले आकडे मी पाहिले आहेत, त्यावर न बोललेलं बरं.)

मला अडवलं ते हॅप्टोग्लोबिनने. तेही दाहात वाढणारंच प्रथिन, सीआरपीसारखी उसळी नाही, पण चढतं नक्की. त्यातून बंड्याला आठवडाभर खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, आणि कुत्र्यात स्टेरॉइडनेही हॅप्टोग्लोबिन वाढतं. दोन्ही बाजूंनी ते वर हवं होतं. यंत्र दाखवत होतं जवळजवळ शून्य. फुटलेल्या पेशींतून सुटलेलं हिमोग्लोबिन धरून ठेवणं हे त्याचं काम. त्यातच ते सगळं खर्ची पडलं होतं.

डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग माझी शंका बरोबर. शरीरच स्वतःच्या पेशी मारतंय. स्टेरॉइडचा डोस वाढवतो."

शंका चुकीची नव्हती. त्या आजारातही सीआरपी चढतं आणि सीरम असंच गुलाबी होतं. पण रक्ताच्या थेंबात सलाईन मिसळून पाहिलं तर त्या आजारात बऱ्याचदा दिसतात तशा गुठळ्या पेशी धरत नव्हत्या, आणि पेशी आधी कोणी फोडल्या हा प्रश्न उरतच होता. "तासभर थांबा," मी म्हटलं. "कानाच्या टोकाला बारीक टोचून ताज्या थेंबाच्या काचा करून पाठवा." बारीक केशवाहिन्यांतल्या रक्तात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते. सकाळची काच मी पाहिली होती, त्यात काही दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर घाईत पाहिली होती.

या वेळी काचेच्या पातळ कडेवरून तेलाच्या लेन्सखाली रांगेने सरकत गेले. वीसेक मिनिटं काही नाही. मग एका तांबड्या पेशीत टोकाला टोक लावून बसलेले दोन जांभळट थेंब, पेअरच्या फळासारखे. बेबेसिया, गोचिडीतून येणारा, तांबड्या पेशींत राहणारा परजीवी, मोठ्या जातीतला. पुढे आणखी चार पेशी सापडल्या. एवढे थोडे परजीवी आणि एवढा दाह! सुरुवातीला मलाही हे विचित्र वाटायचं. पण सीआरपी परजीवी मोजत नाही. शरीराने किती आरडाओरडा चालवलाय ते सांगतं, आणि कोणाविरुद्ध ते तर मुळीच सांगत नाही.

स्टेरॉइड वाढवणं थांबलं. आधी दुष्परिणाम आवरायला अ‍ॅट्रोपिन, मग बेबेसिया मारणाऱ्या इमिडोकार्बचं इंजेक्शन. दुसरं १४ दिवसांनी.

चौथ्या दिवशी नमुना आला. हिमॅटोक्रिट १९, म्हणजे हललंच नव्हतं, आणि घरचे धास्तावलेले. सीआरपी मात्र ३१. तांबड्या पेशी नव्याने तयार होऊन आकडा हलायला दिवस जातात. सीआरपीला तेवढा धीर नसतो. मी फोन करून आकडे सांगितले.

"घरचे अजूनही म्हणतात, आमच्याकडे गोचिडी नाहीतच," डॉक्टर म्हणाले. "आज सकाळी पुढच्या पंज्याच्या बेचक्यातून दोन काढल्या."