येळवशीच्या दिवशी लाईन चार्ज करायची होती

लातूर जिल्ह्यात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, कलेक्टर साहेब स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शहरात दुपारी बारा वाजता चहाची टपरीही उघडी सापडत नाही, सगळी माणसं शेतात. वायरमनला मात्र सुट्टी नसते. 19 डिसेंबर 2025 च्या त्या शुक्रवारी तर अजिबातच नव्हती.

तेरणेकाठचा आमचा शेतीपंपांचा फिडर, म्हणजे वीज नेणारी लाईन, सप्टेंबरच्या पुरापासून अर्धा मेला होता. पोल आडवे, तारा गाळात रुतलेल्या, एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तर पाण्यानं चौथऱ्यासकट उचलून नेलेली. ठेकेदाराच्या पोरांनी पोल उभे केले, तारा ओढल्या आणि तारांना तार जोडणारे शेवटचे दोन-तीन जंपर तेवढे राहिले. हरभरा फुलात आला होता, गव्हाला पाणी पाहिजे होतं आणि लोक सकाळ-संध्याकाळ फोनवर माझा उद्धार करत होते. त्या आठवड्यात आमच्याकडे थ्री-फेजची रात्रीची पाळी होती. म्हणून ठरलं, आज दिवसा काम उरकायचं आणि रात्री लाईन चार्ज करायची, म्हणजे तारेत वीज सोडायची.

सकाळी सबस्टेशनवरून लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलं, पोलवरचा एबी स्विच पाडून लाईन तोडली, तारा जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड लावले. जंपर अकरापर्यंत बांधून झाले. खरं काम तिथून पुढं होतं.

एरवी लाईन चार्ज करताना शिवारात चिटपाखरू नसतं. येळवशीला एकेका रानात पंधरा-वीस माणसं. शिवाय जवळपास तीन महिने तारेत करंट नाही हे सगळ्यांना पाठ झालेलं. कुणी पूजेची कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, थेट तारेखाली घातलेली, कुणी पोलच्या ताणाच्या तारेला शेळ्या बांधलेल्या. एका ठिकाणी तर पोरांनी तारेच्या अगदी लगत असलेल्या लिंबाला झोका बांधला होता. फोनवरून सांगून भागण्यातलं नव्हतं. म्हटलं, सगळी लाईन पायी फिरायची आणि रानोरान सांगायचं, रात्री लाईट येणार, पोलला हात लावू नका, तारेखालची कोप सोडा.

पहिल्याच रानात हाक आली, "काय करलालाव वो तिथं वायरमन? या की जेवायला."

येळवशीला रानात शिरलेल्या माणसाला न जेवता सोडत नाहीत, मग तो पाहुणा असो, वाटसरू असो, नाहीतर तीन महिने लाईट न दिलेला वायरमन. आधी कोपीपुढं हात जोडायचे. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, पुढं हळदी-कुंकू, वर हिरवं लुगडं पांघरलेलं. मग पत्रावळीवर उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, भज्जी, खीर, शेंगदाण्याची पोळी आणि बिंदग्यातलं, म्हणजे मातीच्या मडक्यातलं, आंबिल. भज्जी म्हणजे पुण्या-मुंबईकडची बेसनाची भजी नव्हे. तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणे, वालाच्या शेंगा, मेथी, पातीचा कांदा, असं त्या दिवसांत रानात असेल ते सगळं, चिंच आणि बेसन घालून शिजवलेलं. आंबिल ताकातलं, ज्वारीच्या पिठाचं, लसूण-आलं घातलेलं. रात्रभर मुरलं की त्याला जी आंबूस झणक येते ती ताज्याला येत नाही. दुसऱ्या रानात "आत्ताच जेवलो" म्हटलं, तर आजीबाई म्हणाल्या, "त्यांच्यात जेवलाव, आमच्यात कुटं?" माझ्याबरोबरचा पोरगा नांदेडकडचा. तिसऱ्या रानात त्यानं पट्टा सैल केला.

गमतीचा भाग असा की फोनवर शिव्या देणारे हेच. एकानं तर आग्रहानं खीर वाढता वाढता "आज लाईट नाही आली तर उद्या ऑफिसला टाळं" असंही सांगून टाकलं. पेपरात दरवर्षी 'निसर्गाप्रती कृतज्ञता' असं छापून येतं. रानात हा शब्द मी कधी ऐकला नाही. रानात फक्त वाढतात.

नदीच्या अंगाला गेलो तेव्हा दुपार कलली होती. तिथल्या रानाला रान म्हणवेना. पुरानं वरची काळी माती नेलेली, खाली मुरूम आणि गोटे उघडे. सोयाबीन तर शेंगा भरतानाच गेलं होतं. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण विकायला दाणा नव्हता. त्या उघड्या मुरमावर एका म्हाताऱ्या नवरा-बायकोनं कोप घातली होती. कडबा शेजारच्याकडून आणलेला. बिंदगं नवं होतं.

मामा चर घालत होते. पुढं ते आंबिल शिंपडत, मागं मावशी, आणि तोंडानं "ओलगे ओलगे सालम पलगे". चर घालतात ती उभ्या पिकाला, ज्वारी-हरभऱ्याच्या कडेकडेनं. इथं पीक नव्हतं. आंबिल गोट्यांवर पडत होतं आणि पांढरे ओघळ मुरमात जिरत होते. मामा मात्र जुन्या बांधाच्या अंदाजानं चालत होते. बांध वाहून गेलेला, तरी वळायचं तिथंच वळले.

माझ्यासोबतच्या पोरानं न राहवून विचारलं, "मावशी, इथं तर काहीच नाही की. कशाला घालायलात?"

मावशी म्हणाल्या, "बाळंतीण उठली न्हाई म्हणून तिचं ताट बंद करतेत व्हय?"

मामांनी विषय पैशावर नेला. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं हेक्टरी 47 हजार जाहीर केले होते. "मातीच्या ट्रिपा मोजल्या तर एका कोपऱ्यालाबी पुरायचं न्हाई," म्हणाले, आणि लगेच, "बसा, उंडे गरम हायत." त्यांच्या विहिरीत गाळ, मोटार गाळाखाली. त्या रात्री लाईट येऊन त्यांना कवडीचा उपयोग नव्हता. तरी त्यांनीच मला अडवलं, "अंधार पडल्यावर हेंडगा फिरू द्या, मग लावा लाईन. पोरं पेटतं घेऊन पळतेत, तारेकडं बघत न्हाईत."

हेंडगा म्हणजे कडब्याची पेटती पेंढी, ती घेऊन पोरं रानाभोवती पळतात. हे माझ्या डोक्यातून निसटलं होतं असं नाही, पण वेळ मी सातची दिली होती. तिथूनच ऑपरेटरला फोन करून साडेनऊ कळवली. तो चिडला, वरचे साहेब विचारतील म्हणाला. विचारू देत, म्हटलं. उभ्या कडब्याजवळ जाळ, वर नवी ओढलेली तार आणि खाली पळणारी पोरं, यात घाई करणारा वायरमन मी तरी पाहिलेला नाही.

अंधार पडला तसे शिवारभर हेंडगे पेटले. आम्ही परत लाईनच्या कडेकडेनं फिरलो, ताणाच्या शेळ्या सोडवल्या, झोका उतरवला, कोपीतली माणसं घराकडं लावली. मग रॉड काढले, एबी मारला, परमिट परत केलं. नऊ चाळीसला लाईन चार्ज झाली आणि ट्रिप न होता टिकली.

साडेदहाला फोन. दुपारी खीर वाढणारा तोच गडी. "वायरमन, एक फेज डीम हाय. उद्या सकाळी सगळ्यात आधी आमच्याकडं या." मी बरं म्हटलं. डीपीवरच्या डीओ फ्यूजची तार त्याच रात्री पिशवीत टाकून ठेवली.