वीस गेजच्या पत्र्यामागे इटलीत: सुरुवातीच्या मिउरांचा शोध

माझा धंदा पत्र्याचा. भोसरीत छोटं प्रेसशॉप आहे, दिवसभर गेज, बेंड, डाय हेच शब्द कानावर. त्यामुळे लॅम्बॉर्गिनी मिउराच्या पहिल्या १२५ गाड्यांचा सांगाडा ०.९ मिलिमीटर पत्र्याचा होता हे वाचलं, तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. ०.९ म्हणजे आपलं वीस गेज. ऑफिसची कपाटं करतो तो पत्रा! आणि त्यात ३.९ लिटरचं, बारा सिलिंडरचं, ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवून लोक गाडी ताशी अडीचशेच्या पुढे पळवत होते. तो पत्रा स्वतः चाचपून बघायचा, एवढ्यासाठी मी आणि माझा मेहुणा गेल्या मे महिन्यात बोलोन्याला जाऊन आलो. बायकोने "कपाट इथेच बघ की" असं सुचवलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही. फेरुच्चो लॅम्बॉर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाला. मोटारींचा कारखाना त्याने १९६३ मध्ये काढला आणि त्याला हव्या होत्या आरामशीर, लांब पल्ल्याच्या गाड्या. पण हाताखाली जॅम्पाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी हे इंजिनिअर आणि न्यूझीलंडचा चाचणीचालक बॉब वॉलेस अशी तिशीच्या आतली पोरं. त्यांनी रेसिंगच्या गाडीसारखं इंजिन सीटच्या मागे घ्यायचं ठरवलं, तेही आडवं. मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीने आडवं इंजिन आणि त्याच्याच तेलात गिअरबॉक्स हे छोट्या प्रमाणावर करून दाखवलं होतं, यांनी ते बारा सिलिंडरवर केलं. नोव्हेंबर १९६५ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा ठेवला, भोकं पाडून हलका केलेला, बॉडी नाही काही नाही. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी राहिली. बॉडीचा आकार बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीतल्या मार्चेल्लो गांदीनीचा. वय सत्तावीस.

आता अडचण अशी की या गाड्या सुमारे साडेसातशेच बनल्या. त्यातली पहिली आवृत्ती, म्हणजे पी४००, पावणेतीनशेच्या आसपास. आणि पातळ सांगाड्याच्या त्यातल्याही पहिल्या १२५. संग्रहालयांना आवडते शेवटची एसव्ही, कारण ती सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात निर्दोष. सुरुवातीच्या गाड्या खासगी गॅरेजात बंद असतात. म्हणजे "इटलीला गेलो की दिसेल" या भरवशावर जाऊ नका.

आम्ही पहिल्या दिवशी फुनोला गेलो, फेरुच्चो लॅम्बॉर्गिनी संग्रहालयात. बोलोन्या–फेरारा मार्गावर फुनो चेंतेरग्रोस स्टेशन लागतं, तिथून पुढे पायपीट. हे घराण्याचं संग्रहालय, कंपनीचं नव्हे, आणि मला विचाराल तर दोन्हींतलं हेच जास्त जिवंत आहे. युद्धातल्या भंगारातून जुळवलेले ट्रॅक्टर, हेलिकॉप्टरचा नमुना, शर्यतीची प्रचंड बोट, आणि या गर्दीत फेरुच्चोची स्वतःची मिउरा एसव्ही. आमच्या कामाची ती नाही, पण डोळे तयार करायला उत्तम. एसव्हीची मागची फेंडर फुगीर असतात आणि हेडलाइटभोवतीच्या पापण्या नसतात. आधीच्या गाड्यांचा दिवा बंद असताना आकाशाकडे बघत आडवा पडलेला असतो, आणि त्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्यांच्या पापण्या. दिवा मात्र फियाट ८५० स्पायडरचा! पूर्वी आपल्या कुर्ल्यात बनायच्या त्या पद्मिनीच्या नात्यातलाच म्हणायचा.

दुसरा दिवस सांत आगाता बोलोन्येझे, म्हणजे कंपनीचा कारखाना आणि तिचं संग्रहालय. इथे चूक केली, ती तुम्ही करू नका: रविवारी गेलो. सान जोवान्नी इन पेर्सिचेतोपर्यंत ट्रेन मिळाली, पुढची बस कधी येणार याचा पत्ता नाही. सहा-सात किलोमीटर शेतांमधून, उन्हात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याने चालत. मेहुणा पूर्ण वाटेत एकच वाक्य बोलला, ते इथे लिहीत नाही. कामाच्या दिवशी जा, म्हणजे बसही मिळतात आणि कारखान्याची फेरीही घेता येते. फेरीचं बुकिंग मात्र आधी करावं लागतं, आणि आत फोटो काढू देत नाहीत. संग्रहालयातल्या गाड्या बदलत राहतात. आम्हाला दिसलेली मिउरा नंतरची, एस होती: खिडकीभोवती चकचकीत क्रोमची पट्टी आणि काच वर-खाली करायला बटण. पहिल्या पी४००मध्ये काच हाताने फिरवायची असते.

गाडीच्या जन्माचा प्रवास लक्षात ठेवा, शोधताना उपयोगी पडतो. सांगाडा मोदेनात मार्केझीच्या वर्कशॉपमध्ये जोडला जायचा, तिथून तोरिनोजवळ ग्रुल्यास्कोला बेर्तोनेकडे बॉडी आणि रंगासाठी, मग उलटा तीनशे किलोमीटर येऊन सांत आगातात इंजिन. त्यामुळे सांगाड्याचा नंबर वेगळा, बॉडीचा वेगळा, इंजिनचा वेगळा. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत इंजिनं बदलली, पुढचे भाग ठोकले गेले. "ही अमुक क्रमांकाची सुरुवातीची गाडी" असं कोणी म्हटलं तर तिन्ही नंबर विचारायचे. कंपनीचा पोलो स्तोरिको हा विभाग २०१५ पासून जुन्या नोंदी तपासून प्रमाणपत्र देतो, पण मालकाला. आपल्यासारख्या उपऱ्याला नाही, आणि ते रास्तच आहे.

मग आमच्यासारख्याने करायचं काय? दोन रस्ते. ऑक्टोबरमध्ये बोलोन्याच्या प्रदर्शन मैदानावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, आउतो ए मोतो देपोका. पूर्वी तो पादोव्यात असायचा, २०२३ पासून इथे आला. विक्रीला आलेल्या गाडीचं झाकण उघडून दाखवतात, हा फायदा. पुन्हा गेलो तर मी ऑक्टोबरच धरीन. दुसरा रस्ता जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपना पत्र लिहिण्याचा. मी दोन महिने आधी, इटालियनमध्ये, सात जणांना लिहिलं. आपण काय करतो आणि नेमकं काय बघायचं आहे तेवढंच लिहिलं, "लहानपणापासूनचं स्वप्न" वगैरे काही नाही. दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकाने बोलावलं.

त्यांच्या अटी साध्या होत्या. नंबरप्लेट आणि चासी नंबरचा फोटो नाही, मालकाबद्दल प्रश्न नाही, आणि साडेबारा ते दोन यायचं नाही कारण ते जेवणार. मोदेनाच्या बाहेर एक शेड, बाहेर पाटीही नाही. गाडी भाड्याने घेऊन गेलो. शहराच्या जुन्या भागात झेडटीएलची (मर्यादित वाहतुकीच्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरा असतो आणि दंड नंतर घरी येतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आधीच काढून घ्या.

आत लिफ्टवर बॉडी उतरवलेली मिउरा होती. नुसता सांगाडा, करड्या प्रायमरमध्ये, कडेच्या पेट्यांना आणि मधल्या बोगद्याला भोकंच भोकं. वर्कशॉपचे म्हातारे मालक मला बोट धरून एका भोकाशी घेऊन गेले, कारण पत्र्याची उघडी कड तिथेच मिळते. मी पिशवीतून माझा व्हर्नियर काढला (हातातल्या सामानात नेऊ नका, सुरक्षा तपासणीत दहा मिनिटं जातात). जबडा कडेवर टेकवला: ०.९ आणि वर एक केस. म्हाताऱ्याने मान डोलावली, मग दोन हात मागे जाऊन सांगाड्यावर बोटाने टिचकी मारली. आधी बारीक, डब्यासारखा आवाज. वीतभर पुढे मारली तर आवाज एकदम बसका. तिथे कधीतरी गंजलेला भाग कापून जाड पत्रा वेल्ड केला होता. प्रायमरखाली डोळ्याला काही दिसत नव्हतं.

नंतर कंपनीने पत्रा १ मिलिमीटर केला. ०.१ने काय होतं, असं मेहुण्याने विचारलं. पेटीसारख्या बंद भागाची पीळ सोसायची ताकद जाडीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अकरा टक्के. पण पत्रा जागच्या जागी सुरकुतू नये म्हणून जाडीचा घन मोजायचा, आणि तिथे फरक पडतो सदतीस टक्क्यांचा. आमच्या शॉपमध्ये कपाटाचं दार पोट काढतं ते याच हिशोबामुळे.

शेडच्या दुसऱ्या टोकाला एक पूर्ण गाडी होती, ती त्यांनी सुरू केली. आधी एका पोराला अग्निशामक घेऊन उभं केलं. तीन-तीन घशांचे चार वेबर कार्ब्युरेटर इंजिनच्या डोक्यावर बसलेले असतात, गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवली की पेट्रोल साचतं आणि भडका उडू शकतो. एक मिनिट ऐकवून बंद केली. कानात अजून आहे.

जेवणाचं सांगायचं राहिलं. शाकाहारी असाल तर या भागात जपून: तिजेल्ले आणि तळलेला न्योक्को या इथल्या पावांत बहुधा डुकराची चरबी असते, पार्मिजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (जठरातून काढलेलं विरजण). तोर्तेल्लीनी या भरलेल्या पास्त्यात मांस, मोठ्या तोर्तेल्लोनीत मात्र बऱ्याचदा रिकोटा. आम्ही नेलेला बाकरवडीचा पुडा वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांत संपला.

निघताना बाकावर गंजलेल्या पत्र्याचे कापलेले तुकडे दिसले. त्याच सांगाड्याचे. तळहाताएवढा एक मागितला, भंगारच तर होतं. म्हाताऱ्याने हसून नाही म्हटलं. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधलेली होती, गाडीबरोबर मालकाला परत जाणार होते सगळे. त्याने ते गोळा करून भिंतीजवळच्या स्टीलच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. जाता जाता मी कपाटाच्या दाराला टिचकी मारून बघितली. पत्रा जाड होता, एक मिलिमीटर तरी नक्की.