पोटात बाळ असताना आणि नंतरचा व्यायाम: माझा अनुभव

पळायची सवय असलेल्या बाईला दिवस गेले की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणजे 'दोन जिवांची आहेस, स्वस्थ पडून राहा', आणि दुसरा 'आधीपासून पळतेस ना, मग काही होत नाही'. मी दोन्ही ऐकून घेतले आणि डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही लगेच होकार दिला नाही. बीपी, हिमोग्लोबिन, आधीचा काही त्रास, सगळं पाहिलं. पुढे सोनोग्राफीत वार (बाळाला नाळेतून पोषण देणारा अवयव) खाली नाही, गर्भपिशवीचं तोंड आखूड झालेलं नाही, याचीही खात्री केली. माझं सगळं ठीक होतं म्हणून पुढचं जमलं.

जागतिक आरोग्य संघटना सगळं ठीक असलेल्या गरोदर बायकांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पहिल्या तिमाहीत मळमळीपुढे त्यातलं फारसं झालं नाही, आणि डॉक्टरांनीही ते मनावर घेतलं नाही.

मनगटी घड्याळावर हृदयाचे ठोके बघणं सोडलं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढतं, नुसतं बसल्या बसल्याही नाडी जलद असते, मग त्या आकड्यावर किती भरवसा ठेवणार? त्याऐवजी एकच कसोटी: चालताना गप्पा मारता यायला हव्यात, धाप लागून शब्द तुटले की वेग कमी. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर झोपून करायचे प्रकार बंद केले, कारण वाढलेल्या पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते. पळणं मात्र मी ठरवून नाही सोडलं. जांघेच्या मध्ये, पुढच्या हाडाशी दुखायला लागलं आणि ते आपोआप सुटलं. फिजिओथेरपिस्टने एका पायावर तोल सांभाळायची कामं टाळायला लावली, अगदी सलवारसुद्धा बसून घालायची.

कधी थांबायचं, ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, ठरावीक अंतराने कळा. यातलं काहीही झालं तर व्यायाम तिथेच बंद आणि डॉक्टरांना फोन.

शेवटी सिझेरियन झालं. नंतरचा व्यायाम इतका कंटाळवाणा असतो हे कुणी सांगत नाही. आधी पलंगावर पावलं वर-खाली करणं आणि पोटातून श्वास घेणं, मग वाकून का होईना खोलीत फेऱ्या. लघवीची नळी निघाल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे. श्वास धरायचा नाही, कुल्ले आवळायचे नाहीत, आणि जितका वेळ आवळलं तितकंच सैल सोडायचं. (लघवी करताना ती मध्येच थांबवून हा सराव करू नये.) सिझेरियन झालं म्हणजे हे स्नायू वाचले, असंही नाही. नऊ महिन्यांचा भार त्यांनीच पेललेला असतो.

सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके भरलेले होते, पण बेंबीच्या वर पोटाच्या दोन स्नायूंमध्ये बोटं सहज आत जात होती. डोकं उचललं की मधोमध उंचवटा यायचा. तो येतोय तोवर पोटाचे जोर लावायचे व्यायाम नाहीत, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं. अंगावरून रक्त जाणं एखाद्या दिवशी वाढलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही. फक्त आधी पाजून निघालं की छाती हलकी राहते.

पळायला तीन महिने तरी थांबायला सांगितलं होतं. त्यानंतरही हळूच उड्या मारून पाहिल्या, तर लघवीचे थेंब गळले. बायका हे खोकल्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं सोसतात, पण यावर उपचार आहेत. आता थोडं चालणं, थोडं पळणं असं आलटून पालटून चालतं. उतारावर अजून गळतं, म्हणून फिजिओथेरपिस्टची पुढची तारीख घेतली आहे.