सायप्रस: उतरायचं कुठे, हाच पहिला प्रश्न

सायप्रसला जायचं ठरवलं की आधी हॉटेल शोधू नका, आधी विमानतळ ठरवा. अवघ्या 9,251 चौरस किलोमीटरच्या या बेटावर आज तीन नागरी विमानतळ चालू आहेत: दक्षिणेत लार्नाका आणि पाफोस, उत्तरेत एर्जान. चौथा, राजधानी निकोसियाचा, 1974 पासून बंद आहे. यातला कुठला निवडता यावर तुम्ही बेटावर कायदेशीररीत्या आलात की नाही हे ठरतं.

आपल्याकडच्या प्रवाशांची गल्लत होते ती इस्तंबूलमुळे. तुर्कस्तान फिरायला गेलेली मंडळी नकाशात बघतात, सायप्रस अगदी जवळ दिसतं, इस्तंबूल ते एर्जान तिकीटही मिळतं. पण एर्जान हे बेटाच्या उत्तर भागात, तुर्की सायप्रियटांच्या, म्हणजे बेटावरच्या तुर्की समाजाच्या, राज्यात आहे. त्या राज्याला तुर्कस्तानखेरीज कुणीच मान्यता दिलेली नाही. दक्षिणेतलं, ग्रीक समाज बहुसंख्य असलेलं सायप्रस प्रजासत्ताक एर्जानला बेकायदा प्रवेशद्वार मानतं. तिथे उतरून पुढे दक्षिणेत जाऊ असं ठरवलंत, तर सीमेवर अडवतील. उलट दिशेने मात्र जमतं: लार्नाकाला रीतसर उतरा आणि मग निकोसियातून पायी उत्तरेत जाऊन या. तुर्कस्तान आणि लार्नाका यांच्यात विमानसेवाच नाही, म्हणून दोन्ही देश एकाच सहलीत बघायचे असतील तर अथेन्ससारख्या तिसऱ्या शहरावरून फिरून जावं लागतं. आम्ही मुंबईहून आखातातल्या शहरामार्गे थेट लार्नाकाला गेलो. तोच मार्ग मी सुचवेन.

लार्नाकाची धावपट्टी समुद्राला आणि खाऱ्या तळ्याला लागून आहे. हिवाळ्यात गेलात तर त्या तळ्यात रोहित पक्षी दिसतात, आणि मॅकेन्झी किनाऱ्यावर उभं राहिलं की उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. आजचं काचेचं टर्मिनल 2009 चं आहे. त्याची मूळ कहाणी मात्र घाईची आहे. 1974 च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानशी झालेल्या युद्धात देशाचा एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळ, निकोसियाचा, हातचा गेला, आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी 1975 मध्ये, इथे तात्पुरत्या सोयींवर विमानं उतरू लागली. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी पेटली. बैरुतमधल्या कंपन्या आणि माणसं इकडे आली, आणि तात्पुरता विमानतळ कायमचा झाला. पाफोसची भर 1983 ची.

लार्नाका गावात फिरताना एका रस्त्याचं नाव बघायला विसरू नका: जनरल थिमय्या अव्हेन्यू. आपले माजी लष्करप्रमुख थिमय्या इथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे प्रमुख होते आणि डिसेंबर 1965 मध्ये कामावर असतानाच सायप्रसमध्ये वारले. त्यांच्या आधी जनरल ग्यानी, त्यांच्यानंतर काही वर्षांनी जनरल दिवाण प्रेमचंद, असे तीन भारतीय अधिकारी या सेनेचे प्रमुख झाले. परक्या गावात ग्रीक अक्षरांतली ती पाटी वाचताना मला फार भरून आलं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे कुठेच नव्हतं.

लार्नाका ते निकोसिया साधारण पन्नास किलोमीटर. विमानतळावरून बस मिळते, टॅक्सी महाग पडते. गाडी भाड्याने घेतलीत तर डाव्या बाजूने चालवायची आहे, ब्रिटिशांची देणगी. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग न्या. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दक्षिणेतल्या गाडीचा विमा उत्तरेत चालत नाही, सीमेवर वेगळा काढावा लागतो, आणि काही भाड्याच्या कंपन्या गाडी पलीकडे नेऊच देत नाहीत. आम्ही गाडी ठेवून चालतच गेलो. जुनं शहर चालण्याजोगंच आहे.

मी सायप्रसला गेलो ते खरं तर निकोसियाच्या बंद विमानतळासाठी. आत जाता येत नाही हे आधीच सांगतो. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला तो पट्टा संयुक्त राष्ट्रसंघाच्या ताब्यात आहे, शांतिसेनेचं मुख्यालय तिथेच आहे आणि सामान्य पर्यटकाला परवानगी नाही. पण तिथे काय घडलं हे कळल्याशिवाय या बेटाचा उलगडा होत नाही.

1968 मध्ये तिथे नवं कोरं टर्मिनल उघडलं. सहा वर्षं ते दिमाखात चाललं. 15 जुलै 1974 ला ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झालं, आणि 20 जुलैला तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. विमानतळावर बाँब पडले. तरी 22 च्या पहाटे ग्रीसहून कमांडो घेऊन नोरॅटलास जातीची वाहतूक विमानं तिथेच उतरली. त्यातलं एक अंधारात आपल्याच बाजूच्या गोळीबारात पडलं. बेटाच्या मधोमध असलेली ही धावपट्टी ज्याच्या हाती, त्याला बाहेरून कुमक आणता येणार, म्हणून ग्रीक आणि तुर्की, दोन्ही बाजूंना ती हवी होती. त्या वेळी जनरल प्रेमचंद यांनी दोन्ही सैन्यांशी बोलून विमानतळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर केलं आणि आपले सैनिक तिथे उभे केले. तुर्की सैन्य चालून येईल अशी टांगती तलवार होती. ते आलं नाही. विमानतळ कुणालाच मिळाला नाही, आणि मला वाटतं, त्यामुळे राजधानीत होऊ घातलेली एक मोठी लढाई टळली. आपल्या एका सेनानीचं हे काम आपल्याकडे ठाऊकच नाही, याची मला खंत आहे. सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडेंट विमान अजून त्या धावपट्टीजवळ मोडक्या अवस्थेत उभं आहे.

ती विमान कंपनीही आता नाही. 1947 मध्ये स्थापन झालेली, युद्धात विमानं गमावूनही लार्नाकाहून पुन्हा उभी राहिलेली. सायप्रसमध्ये नोंदलेल्या विमानांना तुर्कस्तान आपल्या आकाशातून जाऊ देत नाही, त्यामुळे तुर्कस्तानच्या पलीकडे उत्तरेला जाणारी त्यांची उड्डाणं वळसा घालून जायची. जानेवारी 2015 मध्ये, सरकारने दिलेले सहा कोटींहून अधिक युरो परत करा असा आदेश युरोपीय आयोगाने दिल्यावर ती बंद पडली. आज त्या नावाने उडते ती वेगळी कंपनी आहे.

उत्तरेची कोंडी याहून बिकट आहे. एर्जानला जाणारं प्रत्येक विमान आधी तुर्कस्तानात टेकतं. लंडनहून जाणाऱ्यांना पूर्वी विमानातच बसून राहता यायचं. 2017 पासून त्यांना सामानासकट उतरून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. थेट उड्डाणांसाठी तुर्की सायप्रियटांची विमान कंपनी 2009 मध्ये ब्रिटिश न्यायालयात हरली आणि पुढच्या वर्षी बुडाली. त्याआधी, 2004 च्या सार्वमतात, बेट पुन्हा एक करायला उत्तरेने होकार दिला होता आणि दक्षिणेने नकार. उत्तरेतल्या घरादारांवर पाणी सोडून दक्षिणेत आलेल्या निर्वासितांचा राग मला समजतो. तरी होकार देणाऱ्या सामान्य माणसाला वीस वर्षांनंतरही एर्जानहून आजारी नातेवाइकाकडे जाताना तुर्कस्तानात उतरावं लागतं, हे मला न्याय्य वाटत नाही.

आकाशातही हीच फाळणी आहे. बेटावरच्या आकाशाचं नियंत्रण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निकोसियाकडे, पण अंकारा (तुर्कस्तानची राजधानी) आणि निकोसिया एकमेकांशी बोलत नाहीत आणि एर्जानचा नियंत्रण कक्ष स्वतंत्र सूचना देतो. तुर्कस्तानकडून येणाऱ्या वैमानिकाला हद्द ओलांडण्यापूर्वी स्वतःच निकोसियाशी संपर्क साधावा लागतो.

पलीकडे जाण्याचं सांगतो. लेड्रा स्ट्रीट हा निकोसियाचा गजबजलेला बाजारपेठेचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला 2008 मध्ये उघडलेली पायी ओलांडायची चौकी. दोन्ही बाजूंना पासपोर्ट दाखवायचा, मध्ये थोडं अंतर चालायचं. सैनिक, चौक्या, काटेरी तारा यांचे फोटो काढू नका. पलीकडे तुर्की लिरा चालतो, बरीच दुकानं युरोही घेतात. दक्षिणेतल्या सिमकार्डाने तिकडचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल भरमसाट येऊ शकतं, म्हणून आधीच डेटा बंद करा. ओलांडण्यापूर्वी लेड्रा स्ट्रीटवरच्या शाकोलास टॉवरवर जाऊन दोन्ही शहरं एकत्र बघा. लेड्रा पॅलेस चौकीपाशी, मधल्या पट्ट्यात, दोन्ही समाजांनी मिळून चालवलेलं एक केंद्र आहे, तिथल्या कॅफेत जरूर बसा. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये: भाजलेलं हलूमी चीज, मसूर-भात आणि हुमूस दोन्हीकडे मिळतं.

व्हिसा सायप्रस प्रजासत्ताकाचा काढा. वैध बहुप्रवेशी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक) व्हिसावरही जाता येतं, पण त्याच्या अटी निघण्यापूर्वी वकिलातीकडून लेखी विचारून घ्या आणि तो कागद जवळ ठेवा. चेक-इनच्या वेळी विमान कंपनीचे कर्मचारी याच मुद्द्यावर अडतात.

शेवटी वेळापत्रकाविषयी. हे बेट पश्चिम आशियाच्या उंबऱ्यावर आहे. आक्रोतिरीला ब्रिटिश हवाई दलाचा तळ आहे. जून 2025 मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा इस्रायली कंपन्यांनी आपली विमानं लार्नाकाला आणून ठेवली होती, आणि या भागात जीपीएसमध्ये अडथळे येणं वैमानिकांच्या सवयीचं झालं आहे. आखातातली उड्डाणं रद्द होण्याची शक्यता धरून चाला. परतीचा पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पुढचं विमान चुकलं तरी जबाबदारी कंपनीची राहते. लार्नाकाहून निघण्याच्या आदल्या रात्री निकोसियात न राहता लार्नाकातच मुक्काम करा.