शिंगं कागदाची, वाटी पोलादी

टोकियोत पाहुणे आले की मी त्यांना उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेतो, आणि सामुराईंच्या चिलखतांपुढे ठरलेला प्रश्न येतो: "एवढाली शिंगं डोक्यावर घेऊन ही माणसं लढायची कशी? मान नाही का अवघडायची?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ती शिंगं दिसतात तेवढी जड नसतात. होन्दा तादाकात्सु या सरदाराच्या शिरस्त्राणावरची हरणाची शिंगं जपानभर प्रसिद्ध आहेत. ती कागदाची आहेत. हातकागदाचे थरावर थर चिकटवायचे आणि वरून काळं रोगण चढवायचं. कुरोदा नागामासा या दुसऱ्या सरदाराच्या शिरस्त्राणावर तर अख्खा कडाच उभा आहे. ११८४ साली इचिनोतानीच्या लढाईत योशित्सुने नावाचा सेनापती ज्या उतारावरून घोडेस्वारांसह खाली झेपावला, त्याची ती आठवण. तोही लाकडाची पातळ फळी आणि त्यावर चांदीचा वर्ख, एवढाच. १५४३ मध्ये बंदुका आल्या, फौजा फुगल्या आणि धुरळ्यात आपला सरदार ओळखू येणं गरजेचं झालं. शिंगं त्यासाठी. आतली वाटी, म्हणजे डोकं झाकणारा लोखंडी घुमट, तेव्हा मोजक्या पत्र्यांची, झटपट जोडलेली असे.

पाहुणे शिंगांचे फोटो काढतात. मी त्यांना शेजारच्या, काहीच न मिरवणाऱ्या शिरस्त्राणाकडे ओढतो, कारण खरी कारागिरी तिथे आहे. ही उभ्या धारांची वाटी म्हणजे 'सुजी-बाची'. ६२ पत्र्यांची वाटी नावाजलेली. प्रत्येक पत्रा खाली रुंद, वर निमुळता; त्याची एक कड उभी वळवलेली आणि दुसरी शेजारच्या पत्र्याखाली सरकवलेली. त्यामुळे जवळपास सगळीकडे लोखंडाचे दोन थर मिळतात. रिव्हेटांची डोकी कानशीने इतकी सपाट केलेली की सांधा शोधावा लागतो. एक पत्रा केसभर चुकला तर माथ्यावरच्या भोकाशी सगळ्या धारा वाकड्या जमणार.

साओतोमे घराण्याच्या लोहारांचं काम मला सर्वांत आवडतं. आपलं नाव ते आतल्या बाजूला, मागच्या पत्र्यावर कोरत. वर अस्तर यायचं, म्हणजे घालणाऱ्यालाही सही दिसायची नाही. म्योचिन हे दुसरं लोहार घराणं याच्या उलट: एदो काळात (१६०३ ते १८६८) जुन्या वाट्या आपल्याच पूर्वजांनी घडवल्याचे दाखले त्यांनी सढळ हाताने दिले. अभ्यासक आजही त्यांवर चटकन विश्वास ठेवत नाहीत. चिलखतांचे दिवस संपल्यावर हेच घराणं हिमेजीत निखारे उचलायचे लोखंडी चिमटे घडवू लागलं.

अस्तराचं कामही साधं नाही. ते कापड वाटीला चिकटत नाही, डोक्यावर ताणून बसतं. मधल्या पोकळीमुळे घाव थेट कवटीपर्यंत पोचत नाही.

आणि रोगण? ते उरुशी झाडाचा चीक. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं झाड, त्यामुळे नवशिक्या कारागिराच्या अंगावर तसाच उततो. गंमत म्हणजे तो कोरड्या हवेत नीट धरत नाही, दमट हवेतच कडक होतो. गंजापासून लोखंड वाचवणारा लेप पिकवायला ओलावाच लागतो.

वजनाचं म्हणाल तर पूर्ण शिरस्त्राण साधारण दोन-तीन किलोंचं. त्यातला बराचसा भार मानेवर लोंबणाऱ्या पट्ट्यांचा आणि वाटीचा. मान अवघडलीच तर त्यांनी, शिंगांनी नव्हे.