कार्डाची मागची बाजू

नऊ वर्षांचा मुलगा. मूत्रमार्गात जन्मजात पडदा, त्यापायी दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचा. आई किडनी देणार होती.

पहिल्याच दिवशी वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून लसीचं कार्ड काढलं. "एकबी डोस चुकवला नाय, मॅडम." खरंच चुकला नव्हता. जन्मल्याबरोबरचा, मग ६, १० आणि १४ आठवड्यांचे, सगळ्यांपुढे सिस्टरच्या सह्या. मी केसपेपरवर 'लसीकरण पूर्ण' लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

चार महिन्यांनी प्रत्यारोपणाच्या तपासण्यांत हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडीचा आकडा आला ४. संरक्षणासाठी किमान १० लागतो. कांजण्यांच्या अँटीबॉडी तर नव्हत्याच. ती लस सरकारी वेळापत्रकात नाही, म्हणून कार्डावर तिची ओळही नव्हती. मला घाम फुटला. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो, आणि ज्याचं रक्त दर आठवड्याला शरीराबाहेर फिरत होतं, त्याची ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

"मंग त्या सुया वाया गेल्या का?" वडिलांनी विचारलं.

नाही दादा, म्हटलं. निरोगी मुलाचा आकडा १०च्या खाली उतरला तरी शरीर लस विसरत नाही. विषाणू आला की पेशी जाग्या होतात. पण किडनी बंद पडली की रक्तात साचणारी घाण त्या पेशींनाही मंद करते. अँटीबॉडी लवकर ओसरतात, जुन्या लसीवर विसंबता येत नाही. म्हणून डायलिसिसवर असेपर्यंत दरवर्षी आकडा बघायचा.

हिपॅटायटिसचा बूस्टर त्याच दिवशी दिला. कांजण्यांचं अवघड होतं. ती जिवंत विषाणूची लस. प्रत्यारोपणानंतरची औषधं सुरू झाली की सहसा देता येत नाही. आधी द्यायची तर शेवटच्या डोसनंतर किमान चार आठवडे थांबायचं. दोन डोस म्हणजे ऑपरेशनची तारीख लांबणार. हे सांगताना मला जड गेलं. आई म्हणाली, "माजी किडनी कुटं पळून चाललीया? द्या तुमी."

दीड महिन्यानं हिपॅटायटिसचा आकडा आला १८६. वडिलांनी कार्ड पुढे केलं, "हितं लिवा." त्यावर आकड्यासाठी रकानाच नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, आकडा आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहिला. त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला, मग कार्ड पिशवीत ठेवलं.