मुरलेलं लाकूड आणि चिपळूणचा पाऊस

चिपळुणात घरी सुतारकाम करायचं तर लाकूड ठेवायचं कसं, हे रंध्याच्या पात्याला धार लावण्याइतकंच नीट यायला हवं. वखारीत "एकदम सुकं आहे" म्हणून देतात आणि ते खरंही असतं. पण सुकलेलं लाकूड हवेतला ओलावा घेणं-सोडणं कधीच थांबवत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे फळीत बाराएक टक्के ओलावा असतो. आषाढ-श्रावणात तीच फळी अठराच्या आसपास जाते, तीही छपराखाली, थेंबभर न भिजता.

माझी कामाची खोली म्हणजे बंद करून घेतलेली मागची पडवी. पश्चिमेच्या भिंतीवर झड येते, म्हणून थप्पी घराच्या भिंतीकडे, पण तिला न चिकटवता. खाली चिरे, चिऱ्यांवर वासे, मग फळ्या. वाळवीच्या गावात लाकूड जमिनीला टेकवायचंच नाही. दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत ओळंब्यात. पट्टी मागेपुढे सरकली की फळी तिथेच बाक धरते. सगळ्यात वर पुन्हा दोन चिरे, वजनाला. प्लॅस्टिक मात्र गुंडाळू नका, आत दमट कोंडतं आणि बुरशी येते. टोकांना उरलेला ऑइलपेंट फासायचा, कारण ओलावा तिथून सगळ्यात वेगाने जातो आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

सागवान सगळ्यांनाच हवं असतं, माझा जीव फणसावर आहे. ताजा रंधा मारला की हळदीसारखा पिवळा, मग उजेडात महिन्यामहिन्याने तपकिरी होत जातो. शेजारच्या परड्यातला वादळात पडलेला फणस दीड इंची फळ्या करून आणला आहे. इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब, मी वर एक पावसाळा जाऊ देतो. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने झाड आणि कापल्याचा महिना लिहिलेला असतो. कडेचा फिकट भाग काढून टाकतो. भुंगा त्यातच शिरतो, टाचणीएवढी भोकं आणि खाली पावडरीसारखं बारीक पीठ दिसलं की समजायचं.

मीटर नसला तरी ओलावा कळतो. फळीच्या मधून पातळ तुकडा कापा (टोकाचा नको, तो आधीच सुकलेला असतो), स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ११२ ग्रॅमचा १०० झाला तर ओलावा १२ टक्के.

जाड फळी चिरली की आतला ताण सुटतो आणि पीळ पडतो. म्हणून आधी मापापेक्षा जाड ठेवून चिरायचं, आठवडाभर पट्ट्यांवर टाकायचं, मग दोन्ही बाजूंनी सारखा रंधा. लांबीत लाकूड जवळपास हलत नाही, सगळा खेळ रुंदीत. टेबलाचा दीड फूट रुंद सागवानी माथा उन्हाळा-पावसाळ्यात चार-पाच मिलिमीटर कमीजास्त होतो. तो खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला तर तडकणारच. भोकं आडवी लांबट ठेवायची, स्क्रूला सरकायला जागा हवी. मे महिन्यात बसवलेल्या ड्रॉवरला फट ठेवा, जुलैत तो फुगतो. जुलैत केलेला घट्टच बसवा.

बहिणीसाठी करायची पेटी पुण्याला जाणार आहे, तिथला एप्रिल आमच्यापेक्षा कितीतरी कोरडा. तिच्या फळ्या मी दिवाळीनंतरच हातात घेणार आहे, आणि तळ खाचेत सुटा राहील, फेव्हिकॉल न लावता.